समान काम, समान दाम. पण ‘समान’ ठरवायचे कोणी?

(मंडळाच्या यंदाच्या महिला दिन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानासाठी उभे राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मंडळाच्या कामात मी कनाती बांधल्या, जनरेटरचे डिझेल आणले, दोन वर्षे खजिनदार म्हणून वर्गणीच्या पावत्या फाडल्या. माईक हातात घेतला तो मात्र ‘हॅलो, चेक, चेक’ म्हणण्यापुरताच! त्यामुळे कार्यकारिणीने जेव्हा ‘स्त्री-पुरुषांच्या पगारातील तफावत आणि वेतनाचे कायदे’ हा विषय माझ्या गळ्यात घातला, तेव्हा मी म्हटले, अहो, यासाठी एखादा वकील बघा, प्राध्यापक बघा. मी पडलो डिप्लोमावाला रेल्वे इंजिनिअर. त्यावर आमच्या सचिव वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मजुरांच्या हजेरीपटावर दर महिन्याला सही तुम्हीच करता ना? मग तुम्हीच बोला.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आज उभा आहे. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

खरे सांगायचे तर हा प्रश्न आपला नाहीच, असे मला बरीच वर्षे वाटत होते. सरकारी नोकरीत पगाराचा तक्ता असतो. त्यात लेव्हल असते, वार्षिक वाढ असते, पण स्त्री-पुरुष असा रकाना नसतो. एकाच दिवशी रुजू झालेले दोन ज्युनिअर इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, महिनाअखेरीस त्यांच्या पगाराच्या स्लिपा शेजारी ठेवा, मूळ पगारात एका रुपयाचा फरक सापडणार नाही.

आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचेच उदाहरण घ्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. मीही तिथलाच, पण सिव्हिलचा आणि खूप नंतरच्या बॅचचा. त्या १९८० च्या दशकाच्या शेवटी मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या, मालगाडी चालवली, लोकल चालवली, घाटात गाड्या चढवल्या, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांची शेवटची गाडी कोणती? आपल्या निजामुद्दीनहून सुटणारी मुंबई राजधानी, इगतपुरीपासून पुढे! चालकाला पगाराखेरीज धावलेल्या किलोमीटरवर भत्ता मिळतो आणि त्याचा दर बाईला वेगळा, पुरुषाला वेगळा असा नसतो. म्हणून मी म्हणायचो, आमच्याकडे सगळे सरळ आहे. आता जरा थांबून म्हणतो, दर सरळ आहे. इंजिनात स्वच्छतागृह नसणे ही चालकांची जुनी तक्रार. त्या त्रासाने एखाद्या बाईने गाडीवरचे काम सोडून कार्यालयातले काम मागून घेतले, की किलोमीटर थांबतात आणि किलोमीटरचे पैसेही थांबतात. दर समान असूनही महिन्याचा पैसा समान नसतो, तो असा.

ही गोष्ट खरे तर मी लहानपणीच शिकायला हवी होती. माझे गाव माण तालुक्यातले, कायम दुष्काळी. गावात शेतावर पुरुष गड्याची हजेरी वेगळी आणि बाईमाणसाची वेगळी. भांगलण असो, काढणी असो, बाईला कमीच. त्याला कोणी अन्याय म्हणत नसे, रीत म्हणत असत. पण माझी आई दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर जायची, पाझर तलावाच्या. तिथे ही रीत चालत नव्हती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेचा १९७७ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यात मजुरी कामाच्या मोजमापावर आणि स्त्री-पुरुषांना दर एकच. खणलेल्या खड्ड्याला टेप लावायचा, घनफळ काढायचे आणि दराने गुणायचे. आई म्हणायची, “टेपाला बाई-बाप्या कळत नाही.” मी इंजिनिअर झालो, मेजरमेंट बुक लिहू लागलो, तेव्हा हे वाक्य मला फार अभिमानाने आठवायचे. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला फार उशिरा कळला. टेपाला कळत नाही हे खरे, पण टेप धरणाऱ्याला कळते!

आता थोडा कायद्याचा इतिहास सांगतो. कंटाळू नका, थोडक्यात आटोपतो.

आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात, पुरुष आणि स्त्रिया दोघांना समान कामाबद्दल समान वेतन मिळावे, असे राज्याने धोरण ठेवावे, असे सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ मध्ये समान मोबदल्याचा करार केला, त्याला भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. पण प्रत्यक्ष कायदा यायला १९७५ उजाडले. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. २६ सप्टेंबर १९७५ रोजी अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुषांना वेगळा पगार द्यायचा नाही, आणि पगार सारखा करण्यासाठी कोणाचा पगार कमीही करायचा नाही, हे त्याचे सार. १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन भरतीबरोबरच बढती, प्रशिक्षण आणि बदली यांतही भेदभाव नको, हे आले.

या कायद्याचा सगळ्यात गाजलेला खटला आपल्या मुंबईतला. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा नावाच्या बाई कॉन्फिडेन्शिअल लेडी स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा त्यांना पगार कमी. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि त्यांनी फरकाच्या रकमेसाठी दाद मागितली. कंपनीचे म्हणणे काय होते ते ऐका. एक, या बायकांचे काम वेगळे आहे, त्या साहेबांच्या खासगी स्टेनो आहेत. दोन, युनियनशी तसा करार झालेला आहे. तीन, आमची आर्थिक स्थिती बरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९८७ रोजी निकाल दिला आणि तिन्ही गोष्टी फेटाळल्या. काम प्रत्यक्षात सारखेच आहे, करार कायद्यापेक्षा मोठा नाही, आणि ऐपत नाही म्हणून कायदा लागू होत नाही, असे होत नाही.

त्याआधी १९८२ मध्ये दिल्लीचा एक खटला झाला होता, रणधीर सिंग यांचा. ते दिल्ली पोलिसात ड्रायव्हर होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की गाडी मीही चालवतो, रेल्वे सुरक्षा दलाचा ड्रायव्हरही चालवतो, मग माझी वेतनश्रेणी कमी का? खाते वेगळे आहे, हे उत्तर न्यायालयाने मान्य केले नाही. हा खटला दोन पुरुषांमधल्या तुलनेचा होता, पण त्यातला प्रश्न नीट लक्षात घ्या. ऑड्रीबाईंना सांगितले गेले, तुमच्या पदाचे नाव वेगळे. रणधीर सिंगांना सांगितले गेले, तुमचे खाते वेगळे. म्हणजे दर कमी आहे असे कोणी उघड म्हणत नाही. नाव वेगळे आहे, असे म्हणतात.

आता मी ज्या कारणासाठी इथे उभा आहे, ती गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी इकडेच एका साइटवर पादचारी पुलाचे काम चालू होते. काम ठेकेदाराचे, देखरेख माझी. मजूर बुंदेलखंडातले, बहुतेक जोडप्याने आलेले. ठेकेदाराने मजुरी दिल्यावर, ती माझ्यासमोर दिली, अशी सही मी करायची. रजिस्टर मी बारकाईने तपासायचो. बेलदाराचा जो किमान दर ठरलेला, तो बाईलाही आणि पुरुषालाही. कुठे खाडाखोड नाही. मी समाधानाने सही ठोकायचो.

त्या साइटवर चाळिशीच्या एक बाई होत्या. सळईच्या रिंगा वाकवणे आणि जाळीला तार बांधणे, हे त्यांचे काम. इतक्या सफाईने करायच्या, की काँक्रीट ओतण्याआधी तपासायला गेलो तर त्यांनी बांधलेल्या जाळीत मला कधी काही काढता आले नाही. एकदा मजुरी वाटप संपल्यावर त्या माझ्यासमोर आल्या. शेजारच्या एका पोराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “साहब, तार बाँधना मैंने सिखाया इसको. ये कारीगर लिखा है, मैं बेलदार. क्यों?”

मी रजिस्टर पुन्हा उघडले. तो पोरगा चार महिन्यांपूर्वी आलेला, त्याची नोंद अर्धकुशल. बाईंना या कामात आठ वर्षे झालेली, त्यांची नोंद अकुशल. मग मी सगळी पाने उलटली. एकूण एक बाई बेलदार, अकुशल. ठेकेदाराला विचारले तर त्याला आश्चर्यच वाटले. “साहब, लेडीज तो बेलदार ही लिखी जाती है. सब जगह.” तो खोटे बोलत नव्हता, लपवतही नव्हता. त्याच्या दृष्टीने ती रीतच होती. माझ्या गावातल्या हजेरीसारखी!

बंधू-भगिनींनो, त्या रजिस्टरमध्ये कायदा कुठेही मोडलेला दिसत नव्हता. अकुशल बाई आणि अकुशल पुरुष, दर एकच. अर्धकुशल बाईच नाही, तर तुलना कोणाशी करणार? चोरी दराच्या रकान्यात नव्हती, पदनामाच्या रकान्यात होती. आणि खाली सही माझी होती. एका महिन्याची नव्हे, कित्येक वर्षांची. हे मी या आधी कोणाजवळ बोललो नव्हतो.

मी साइट ऑर्डर बुकमध्ये लेखी शेरा मारला. प्रत्यक्ष कामाप्रमाणे नोंदी दुरुस्त करा, असे लिहिले. पुढच्या महिन्यात त्या बाई आणि आणखी दोघी अर्धकुशल झाल्या. मला वाटले, जिंकलो. पण मागच्या वर्षांचा फरक त्यांना मिळाला नाही, आणि तो मागायला मीही त्यांना सांगितले नाही, कारण तेव्हा मला स्वतःलाच नीट माहिती नव्हती. आणि त्याच ठेकेदाराने पुढच्या कामावर बायकाच कमी आणल्या. त्या बाई परत कुठे दिसल्या नाहीत. म्हणून, कायदा केला की झाले, असे म्हणणाऱ्यांना मी सांगतो, दर महाग झाला की बाईला कामावरच न घेण्याची पळवाट तयार असते. भरतीत भेदभाव करू नये, हे कायद्यात १९७६ पासून आहे. पण न घेतलेल्या बाईचे नाव कुठल्या रजिस्टरमध्ये असते? सांगा!

आपल्या महाराष्ट्रात तर याच्याही पुढची गोष्ट आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जी माणसे जातात, त्यांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, हिशेब होतो टनावर, आणि पैसे बहुतेक नवऱ्याच्या हाती पडतात. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, आणि खोपीवर येऊन स्वयंपाकही करते. तिची मजुरी किती? वेगळी अशी नाहीच! जिथे तिच्या नावाचा रकानाच नाही, तिथे समान वेतनाचा कायदा तुलना करणार कशाची? टेप आहे, माप आहे, पण माप जोडीचे.

आता नव्या कायद्याकडे येतो. १९७६ चा समान वेतन कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. संसदेने २०१९ मध्ये वेतन संहिता संमत केली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि चार जुने कायदे तिच्यात सामावले. त्यात समान वेतनाचे तत्त्व सुरुवातीलाच, तिसऱ्या कलमात आहे. एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला लिंगावरून वेतनात भेद करायचा नाही. समान काम म्हणजे काय, तेही सांगितले आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी हवी, परिस्थिती सारखी हवी, आणि असलेला फरक व्यवहारात महत्त्वाचा नसावा. आम्हा इंजिनिअर लोकांना हे लगेच समजते. आमच्या रुळांचे गेज १६७६ मिलिमीटर. त्यात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असले म्हणून गाडी घसरत नाही, म्हणून तेवढी सूट असते. तसेच इथे. बाई सळई बांधते आणि पुरुषही सळई बांधतो, पण पुरुष कधीमधी सळई उचलून गाडीवर टाकतो, म्हणून तो कारीगर आणि ती बेलदार, हे चालणार नाही. खरोखर वेगळे, खरोखर अवजड काम असेल तर वेगळा दर जरूर द्या, त्याला कायद्याची ना नाही.

आणखी दोन गोष्टी घरी जाताना लक्षात ठेवा. कमी वेतन मिळाल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. आणि वेतन पूर्ण दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, कामगारावर नाही. त्या बाई भेटल्या तेव्हा मला एवढे सांगता आले असते, तर...

मग या कायद्यात कमी काय आहे? माझ्या अल्पमतीप्रमाणे एकच मोठी गोष्ट. कुशल कोण आणि अकुशल कोण, हे ठरवणारा मालकच, आणि त्याने ते कसे ठरवले हे आपणहून दाखवण्याची सक्ती त्याच्यावर नाही. तक्रार आली तर चौकशी. पण तक्रार करणार कोण, आणि कशाच्या आधारावर? बाहेरच्या देशांनाही हीच ठेच लागली आहे. इंग्लंडमध्ये डॅगनहॅम येथे फोर्ड मोटारींच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या बायकांनी १९६८ मध्ये संप केला. त्यांचे म्हणणे हेच, की आमचे काम कुशल असताना आम्हाला खालच्या श्रेणीत का घातले? संपामुळे दर वाढून पुरुषांच्या ९२ टक्क्यांपर्यंत आला. देशात १९७० मध्ये समान वेतनाचा कायदाही झाला. पण ज्या श्रेणीसाठी त्या भांडल्या, ती मिळायला १९८४ उजाडले, आणि त्यासाठी पुन्हा संप करावा लागला. दर आधी मिळतो, श्रेणी फार उशिरा मिळते.

आइसलँडने २०१८ मध्ये उलटा मार्ग घेतला. पंचवीस किंवा जास्त माणसे कामावर असतील, तर आपल्याकडे समान कामाला समान पगार आहे, हे कंपनीनेच तपासून घ्यायचे आणि तसे प्रमाणपत्र मिळवायचे. म्हणजे बाईने तक्रार करत हिंडायचे नाही, मालकाने आधी सिद्ध करायचे. आम्ही पूल बांधला की तो पडण्याची वाट बघत नाही. गाडी सोडण्याआधी लोड टेस्ट करतो. तसेच हे.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, हे सगळे मजुरांचे झाले, आपण तर ऑफिसात जाणारी माणसे. म्हणून माझ्या घरची गोष्ट सांगतो. बायकोची परवानगी घेतली आहे, ती समोरच बसली आहे!

आमचे लग्न झाले तेव्हा ती पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात होती. माझी नोकरी इकडे, म्हणून ती तिकडची सोडून आली. इथे बसलेल्या किती जणींची हीच कहाणी आहे, हात वर करा म्हटले तर अर्धे सभागृह हात वर करील. मग मुलगा झाला आणि तीन वर्षे घरात गेली. नंतर इकडेच एका कंपनीत मुलाखत दिली. पहिला प्रश्न, आधीचा पगार किती होता? कामाची किंमत किती, हा प्रश्नच नाही. तुम्ही आधी किती स्वस्तात मिळत होता, एवढेच! त्या जुन्या आकड्यावर थोडे वाढवून नोकरी मिळाली. पगार कोणाला सांगू नये, असे नेमणूक पत्रातच लिहिलेले. वर्षभराने कोणीतरी प्रिंटरवर विसरलेला एक कागद तिच्या हाती लागला. तिच्याच महिन्यात, तिच्याच कामावर घेतलेल्या, तिच्यापेक्षा कमी अनुभवाच्या मुलाला पगार बराच जास्त होता. विचारले तर उत्तर आले, त्याने घासाघीस केली, तुम्ही केली नाहीत.

त्या रात्री ती मला म्हणाली, “तुझ्या साइटवर निदान मजुरीचा दर भिंतीवर लावतात. माझ्या ऑफिसात तेवढेही नाही.” मी आजवर ऐकलेले या विषयावरचे हे सर्वांत नेमके वाक्य. मोठ्या ऑफिसातली बाई त्या बाबतीत बेलदार बाईच्याही मागे!

युरोपीय संघाने २०२३ मध्ये पगाराच्या पारदर्शकतेचे जे निर्देश काढले, त्यात उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच मनाई केली आहे आणि पगार गुप्त ठेवण्याची अट घालायलाही. आपल्या वेतन संहितेत अशा दोन ओळी आल्या, तर त्यासाठी ना कारखाना उभारावा लागेल, ना तिजोरीतून पैसा काढावा लागेल. त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले, की आजची तफावत बरीचशी एकाच कामावरच्या स्त्री-पुरुषांमधली आहे आणि ती पहिल्या मुलाच्या जन्मानंतर वाढत जाते. म्हणजे नुसता वेतनाचा कायदा पुरणार नाही, मूल सांभाळण्याची सोयही हवी. २०१७ मध्ये आपल्याकडे बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. फार चांगले झाले. पण त्या रजेचा पगार मालकाने द्यायचा असल्यामुळे काही मालक तरुण बाईला घ्यायलाच कचरतात. ठेकेदाराची तीच पळवाट, फक्त इथे एअरकंडिशनरमध्ये. हा भार एकट्या मालकावर न टाकता सर्वांनी मिळून उचलला, तर ही पळवाट बंद होईल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मी कायदे करणारा माणूस नाही. तुम्हीही बहुतेक नाही. मग आपण काय करायचे? जिथे आपली सही चालते, तिथे आपण कायदा आहोत. आपल्यापैकी कोणी कंपनीत मॅनेजर आहे, कोणी शाळेच्या समितीवर, कोणी सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीत हाऊसकीपिंगच्या एजन्सीचे बिल येते ना? पुढच्या वेळी फक्त एकूण रक्कम बघू नका. सुपरवायझर कोण आहे, स्वीपर कोण आहे, आणि तो फरक कामाचा आहे की रीतीचा, एवढे विचारा.

आणि आता शेवटचे, थोडे अवघड बोलतो. या भाषणाची तयारी करताना मी खजिनदार असतानाची मंडळाची फाइल काढली. महाप्रसादाला आपण आचारी सांगतो, त्याच्याबरोबर मदतनीस येतात. दोन्ही वर्षांच्या बिलात पुरुष मदतनीसांचा दर वेगळा आणि बायकांचा वेगळा, कमी. बायका सकाळी सहापासून पुऱ्या लाटत होत्या, रात्री भांडी निघेपर्यंत होत्या. पुरुष कढया उचलत होते, हे खरे, पण दिवसातून किती वेळा? बिलावर ‘तपासले, बरोबर आहे’ असा शेरा आहे. अक्षर माझे आहे.

त्या साइटवर निदान पदनामाचा पडदा होता. इथे तोही नव्हता, दोन दर सरळ लिहिलेले होते, आणि मला ते दिसले नाहीत. बाप्पाच्या प्रसादाच्या बिलात! म्हणून अध्यक्ष महोदय, माझी जाहीर विनंती आहे, की येत्या गणेशोत्सवाच्या महाप्रसादापासून आचाऱ्याला आधीच लेखी सांगावे, मदतनीस बाई असो वा पुरुष, दर एकच. आणि तो बाईंच्या हातात द्यावा, आचाऱ्याकडे एकगठ्ठा नको. फार मोठी रक्कम नाही. वाढीव पैसे लागतील ते यंदा मी देईन, पुढच्या वर्षापासून मंडळाच्या अंदाजपत्रकात बसवावेत. हा काही उपकार नव्हे, मागची बाकी आहे.

माझी आई आता थकली आहे, गावीच असते. परवा फोनवर तिला विचारले, रोजगार हमीवर तुझे माप कोण घ्यायचे? म्हणाली, “मुकादम घ्यायचा. पण टेपाचं दुसरं टोक मी धरायचे. सोडलं नाही कधी.”

भगिनींनो, एवढेच सांगायचे होते. टेपाचे एक टोक आपल्या हातात असू द्या. आणि बंधूंनो, त्यांना ते धरू द्या.

बुद्धीची देवता आपल्या सर्वांना सद्बुद्धी देवो आणि सही करण्याआधी एकदा नीट बघण्याची सवय देवो!

गणपती बाप्पा मोरया!